‘मुस्तफा’च्या सवयीने ‘स्कॉट पिल्ग्रिम’ खेळताय? या चुका टाळा

भुसावळ, चोपडा, अमळनेर इकडे नव्वदच्या दशकात वाढलेल्या पोरांना मारामारीचा गेम म्हटलं की एकच नाव आठवतं: मुस्तफा. कॅपकॉमच्या १९९३ च्या त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’, पण गेम पार्लरमध्ये ते कोण घेणार! त्यातल्या मुस्तफा या पात्रावरूनच तो ओळखला जायचा. तो मार्क शुल्ट्झच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकवरून केलेला होता, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून ब्रायन ली ओमॅलीच्या सहा खंडांच्या कॉमिकवरचा ‘स्कॉट पिल्ग्रिम’ भाच्याने लावला, तेव्हा वाटलं, आपला हात बसलेलाच आहे. पहिल्याच टप्प्याचा बॉस, म्हणजे शेवटचा मोठा शत्रू, मॅथ्यू पटेल दिसायच्या आत माझ्या सगळ्या लाईफ संपल्या. हा गेम २०१० चा. २०१४ च्या शेवटी तो विक्रीतून काढला गेला आणि १४ जानेवारी २०२१ ला, बरोबर संक्रांतीच्या दिवशी, ‘कम्प्लीट एडिशन’ म्हणून परत आला. दिसायला अगदी जुन्या पार्लरसारखा, टोकदार पिक्सेलचा. तिथेच आपण फसतो.

पैसे साठवून ठेवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मी आठवडाभर केली. मार खाऊन पडलेल्या गुंडाची नाणी होतात. मुस्तफात खाणं-हत्यारं सोडली तर वेचलेल्या वस्तूंचे नुसते गुण मिळायचे, म्हणून ही नाणीही मी तशीच धरली. पण हा खरा पैसा आहे. टोरांटोच्या रस्त्यांवर दुकानं लागतात, त्यांत शिरा. तिथलं खाणं नुसती तब्येत भरत नाही, ताकद, बचाव, वेग कायमचे वाढवतं. भाचा शेवटी वैतागून म्हणाला, “मामा, पैसा कसाले सांभाळी राह्यना? खाई ले!”

एक अडचण आहे. कुठल्या वस्तूने काय वाढतं, हे विकत घेईपर्यंत गेम सांगत नाही. त्यावर आमचा उपाय म्हणजे वही. घेतलेली वस्तू आणि वाढलेला गुण लिहून ठेवा, दुसरं पात्र घेतलं की तीच वही कामाला येते. दुकानांच्या दारांवर नजर ठेवा, घाईत पुढे पळू नका.

दर वेळी नवं पात्र घेणं

पार्लरमध्ये आज मुस्तफा, उद्या हॅना असं चालायचं, कारण सगळी पात्रं पहिल्या मिनिटापासून तयार असायची. इथे स्कॉट, रमोना, किम, स्टीफन सगळे कच्चे असतात. प्रत्येकाची पातळी वेगळी, पैसा वेगळा. पातळ्या १६ आहेत आणि चढाल तसे नवे डाव मिळतात. म्हणून आधी एकालाच धरून ठेवा. अडलात तर पार केलेला टप्पा पुन्हा खेळा, त्यात कमीपणा काही नाही. पहिला टप्पा मी चार वेळा खेळलो, तेव्हा कुठे दुसरा सुटला. आणि सुरुवात ‘ॲव्हरेज जो’ या सोप्या मोडवरच करा.

खास डाव उधळणं

मुस्तफात दोन्ही बटणं एकदम दाबली की खास डाव बसायचा आणि आपलीच तब्येत थोडी कमी व्हायची. इथे तो खर्च जीपीतून, म्हणजे ‘गट्स पॉइंट्स’च्या वेगळ्या पट्टीतून होतो, म्हणून फुकटचा वाटतो. पण तब्येत शून्यावर आली की हाच जीपी तुम्हाला उभा करतो. पट्टी रिकामी केलीत तर सरळ एक लाईफ गेली. साध्या गुंडांवर तो घालवू नका. त्यांच्यासाठी अडवायचं बटण आहे, ते वापरा. मुस्तफात असं बटण नव्हतंच, त्यामुळे आपलं बोट तिकडे वळत नाही.

डाव उशिरा बसतो?

दर वेळी दोष हाताचाच असतो असं नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा, फरक लगेच जाणवेल. लॅपटॉपवर खेळत असाल तर तो गादीवर ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात खालची जाळी झाकली गेली की मशीन तापून गेम अडखळतो. पाटावर ठेवा, कूलरची ओली हवा मात्र थेट त्यावर नको.

जोडीदाराला मागे टाकणं

पार्लरमध्ये शेजारचा मेला तर तो आपला कॉईन टाकायचा, आपण पुढे निघायचो. इथे चौघांपर्यंत एकत्र खेळता येतं, पडलेल्याला उठवता येतं, पैसेही देता येतात. मी सवयीने पुढे पळायचो आणि भाचा मागे एकटा मार खायचा. आता तो पडला की मी हातातली मारामारी सोडून मागे फिरतो. दुकानात त्याचे पैसे कमी पडले तर माझे देतो. परवा रात्री आम्ही दोघांनी मिळून सातवा टप्पा पार केला.