योजनेचं मूल्यमापन गावातल्या पोरांना शिकवताय? या चुका टाळा

विकासयोजना उपयोगी पडली की नाही हे त्या त्या देशातल्या माणसांनाच तपासता आलं पाहिजे, हा विचार नवा नाही. आपल्याकडे 1952 मध्येच सरकारी योजना तपासायला केंद्राची कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभी राहिली. 2015 मध्ये ती नीती आयोगाच्या विकास देखरेख व मूल्यमापन कार्यालयात विलीन झाली, आणि तेच वर्ष जगभर मूल्यमापन वर्ष म्हणून पाळलं गेलं. पण धुळे-नंदुरबारात आजही बाहेरची संस्था येते, इथल्या पोरांकडून फॉर्म भरून घेते आणि माहिती घेऊन निघून जाते. पुढच्या योजनेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. इथल्या तरुणांना शिकवताना त्याच त्या चुका होताना बघतोय, म्हणून हे लिहितोय.

आधी-नंतरच्या आकड्यांवर विसंबणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. शिंदखेडा तालुक्यात एका गावी नाला खोलीकरण आणि सिमेंट बंधाऱ्यांचं काम झालं होतं. बाहेरच्या एका संस्थेने अहवाल केला: कामाआधी विहिरी कोरड्या, कामानंतर भरलेल्या, म्हणजे योजना यशस्वी. 'आधी'ची मोजणी मे 2019 ची, म्हणजे 2018 च्या दुष्काळानंतरची. 'नंतर'ची त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातली, धो-धो पावसाळ्यानंतरची.

आमच्या गटात बी.एस्सी. करणारी एक मुलगी होती. तिने एवढंच विचारलं, "शेजारच्या गावातल्या विहिरी कोणी मोजल्या का?" कोणीच मोजल्या नव्हत्या. मग आम्ही मोजपट्टी घेऊन जिथे काहीच काम झालं नव्हतं त्या गावी गेलो. विहिरीवरचे बाबा म्हणाले, "पानी ते आमना गावमा बी वाढनं. आठे कोनी नाला खोल कया?" तिथल्या विहिरींनाही जवळपास तेवढंच पाणी चढलं होतं. काम वाया गेलं असं यातून सिद्ध होत नाही. पण ते उपयोगी पडलं असंही त्या अहवालावरून म्हणता येत नव्हतं, आणि त्याच्याच जोरावर पुढचा निधी मागितला जात होता.

माझी सवय सांगतो. कामाच्या गावाबरोबर तसाच मुरूम, तसाच खडक, तसाच उतार असलेलं बिनकामाचं एक गाव पहिल्या दिवशीच निवडायचं. मे महिन्याची तुलना मे महिन्याशीच करायची, आणि शेजारी त्या वर्षीचा पाऊस लिहायचा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. त्या नोंदी आधी मागून घ्या. नवशिक्याला या कागदांचा कंटाळा येतो, त्याला थेट गावात जाऊन प्रश्न विचारायचे असतात. तरीही त्याला आधी नोंदींसमोर बसवा.

घरी कोण नाही, हे न मोजणं

नंदुरबारातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर दिवाळीनंतर घरं बंद होतात. ऊसतोडीला, वीटभट्टीवर, गुजरातेत मजुरीला माणसं जातात आणि बरीचशी होळीलाच परततात. मार्चअखेर पैसा खर्च दाखवायचा म्हणून सर्वेक्षण मात्र जानेवारी-फेब्रुवारीत निघतं. मग पाड्यावर भेटतो कोण? ज्याच्याकडे थोडी शेती आहे तो, अंगणवाडी सेविका, दुकानदार. ज्यांच्या लेकरांचं वजन खरोखर कमी आहे ती कुटुंबं लेकरांसकट बाहेर गेलेली असतात. कुलूप दिसलं की 'शेजारचं घर घ्या' असा सल्ला देणारे पर्यवेक्षक मी पाहिलेत. त्या एका सल्ल्याने कुपोषण कागदावर कमी होतं.

बंद घर हीसुद्धा माहिती आहे. त्याची नोंद करा, कुठे गेले ते शेजाऱ्याला विचारा, आणि होळीच्या आठवड्यात पुन्हा जा. होळीआधीचा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार कोणत्या दिवशी कुठे भरतो हे पाड्यावरच्या पोराला पाठ असतं, टॅबलेट घेऊन आलेल्या पाहुण्याला नसतं. म्हणून वेळापत्रक त्या पोराने ठरवावं. त्याला नुसतं वाट दाखवायला बरोबर घेऊ नका.

बाकीच्या, थोडक्यात

सरपंचाच्या ओट्यावर बसून गट चर्चा घेऊ नका. तिथे बाया बोलत नाहीत आणि मजूर येत नाहीत.

'योजनेचा फायदा झाला का?' असं विचाराल तर 'हो' हेच उत्तर येईल. गेल्या महिन्यात रोजगार हमीवर किती दिवस गेलात, मजुरी खात्यात कधी पडली, असं विचारा आणि जॉबकार्ड, पासबुक पाहून पडताळा.

खरी माहिती गोळा करायच्या आधी पाच घरी फॉर्म वापरून बघा. याला वेळ नाही म्हणणाऱ्याला मी गटात घेत नाही.

दोन दिवसांची कार्यशाळा आणि प्रमाणपत्र म्हणजे क्षमता नव्हे. माणूस तयार होतो तो एक अभ्यास प्रश्न ठरवण्यापासून अहवालापर्यंत स्वतः ओढल्यावर. विश्लेषण पुण्यात आणि पायपीट नंदुरबारात ही वाटणी बंद करा. एक्सेलमध्ये सरासरी काढणं, रिकामे रकाने शोधणं, एकाच माणसाने भरलेले सगळे फॉर्म संशय यावा इतके सारखे आहेत का ते पाहणं, हे जळगावच्या महाविद्यालयातला मुलगा महिनाभरात शिकतो. शिकवणाऱ्याने शेजारी बसायला हवं.

आणि करार करतानाच लिहून घ्या: नावं काढलेली मूळ माहिती जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाकडे राहील, आणि निष्कर्ष आधी ग्रामसभेत वाचले जातील, नंतर निधी देणाऱ्याकडे जातील. रोजगार हमीच्या कायद्यात ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षणाची, म्हणजे लोकांनीच काम आणि हिशेब तपासायची, तरतूद आहेच, मग बाकीच्या योजनांना हा नियम लावायला संस्थेने नकार दिला तर कारण लेखी मागा.