शेतावर किती राख पडते, ते घरच्या घरी कसं मोजायचं

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरकडच्या गावांत औष्णिक वीज केंद्रांच्या राखेची तक्रार नवी नाही. पण ‘फार धूळ येते’ एवढंच लिहिलेला अर्ज सहज बाजूला पडतो. आकडा लागतो, आणि तो गावाला स्वतः काढता येतो.

सरळ भिंतीचा प्लास्टिकचा डबा घ्या, तोंडाचा व्यास 20 सेंमी, उंची 40 सेंमी. त्यात दोन लिटर बॅटरीचं पाणी (डिस्टिल्ड वॉटर, आम्ल नव्हे) ओता. बोअरचं पाणी नकोच; पाणी आटतं तसे क्षार खाली बसतात आणि वजन फुगतं. शेवाळ धरू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाका (विषारी आहे, गुराढोरांपासून लांब ठेवा). डबा दोन मीटर उंच खांबावर, झाड आणि पांदणीपासून दूर बांधा. तोंडाच्या थोडं वर तारेचं मोठं कडं लावा, म्हणजे पाखरू कडेवर बसून आत घाण करत नाही. दुसरा डबा राखेच्या तळ्याच्या (वीज केंद्राची राख जिथं साठवतात) उलट बाजूच्या शेतात ठेवा. ही तुलना नसेल तर ‘ही तर रस्त्याची धूळ’ असं उत्तर मिळतं.

30 दिवस ठेवा. उन्हाळ्यात पाणी झपाट्यानं आटतं. डबा कोरडा पडला की बसलेली राख वाऱ्यानं उडून जाते, म्हणून एक दिवसाआड भर घाला. पावसाळ्यात मोजू नका, डबा उतू जातो. रोज सकाळ-संध्याकाळ वाऱ्याची दिशा वहीत लिहा.

शेवटी किडे-पानं काढून पाणी आधी वजन केलेल्या गाळणकागदातून गाळा. कागद पूर्ण वाळवून सराफाच्या काट्यावर तोला. वाढलेल्या ग्रॅमला 0.0314 नं (डब्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये) भागा. 1 ग्रॅम भरला तर चौरस मीटरला सुमारे 32 ग्रॅम, म्हणजे एकरी जवळपास 129 किलो! कपाशीच्या पानावर, फुटलेल्या बोंडावर पडते ती हीच.

फुप्फुसात जाणारी बारीक धूळ मात्र डब्यात सापडत नाही. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव, गट नंबर, वही आणि फोटो जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे 24 तासांच्या मोजणीची मागणी करा, पोच घ्या. राष्ट्रीय मर्यादा 24 तासांसाठी पीएम 10 ला (10 मायक्रॉनपर्यंतचे कण) 100 आणि पीएम 2.5 ला (2.5 मायक्रॉनपर्यंतचे) 60 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. उत्तर आलं नाही तर 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका. त्यात वीज केंद्राच्या संमतिपत्रातल्या (मंडळानं दिलेल्या परवानगीतल्या) अटी आणि गेल्या वर्षभराचे मोजणी अहवाल मागा. वाळवलेला कागद मात्र कुणालाच देऊ नका, सीलबंद करून ग्रामपंचायतीत ठेवा.