फोर्कनंतर लॉक कुणाच्या हातात राहतं?

नोकरीच्या पहिल्या वर्षी आमची एक सर्व्हिस अधूनमधून अडकून बसायची. एरर नाही, क्रॅश नाही, सीपीयू शून्यावर. एक स्क्रिप्ट चालवायला ती फोर्क करायची, म्हणजे स्वतःतून दुसरी प्रोसेस काढायची, आणि ही नवी चाइल्ड प्रोसेस जागची हलायची नाही. मी कितीतरी दिवस स्क्रिप्टमध्येच चूक शोधत होतो. स्क्रिप्ट मुळात सुरूच झालेली नव्हती.

फोर्क म्हणजे अख्ख्या प्रोसेसची नक्कल, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. मेमरीची नक्कल होते हे खरं, पण पोझिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं मानक) नियमाप्रमाणे चाइल्डमध्ये थ्रेड (प्रोसेसच्या आत स्वतंत्र चालणारा कामाचा धागा) एकच येतो: ज्याने फोर्क केला तो. बाकीच्यांनी धरलेली लॉक्स मात्र मेमरीबरोबर जशीच्या तशी येतात. आमच्या लॉगिंगच्या थ्रेडने नेमका त्या क्षणी म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला धरता येतं असं लॉक) धरलेला असायचा. चाइल्डने एक्झेकच्या (प्रोसेसमध्ये नवा प्रोग्रॅम चढवणारा कॉल) आधी एक ओळ लॉग करायला घेतली की संपलं. लॉक सोडणारा तिथे कुणी नसायचाच.

हे स्वतः करून बघा. सी-मध्ये तीस-चाळीस ओळी होतील. एक थ्रेड म्यूटेक्स धरून ५ सेकंद झोपतो. मेन थ्रेड १ सेकंद थांबून फोर्क करतो, आणि चाइल्ड तोच म्यूटेक्स मागते. आता दुसऱ्या टर्मिनलवर दोन्ही पीआयडींसाठी (प्रोसेसचे नंबर) लिनक्सच्या प्रॉक फाइलसिस्टिममधली टास्क डिरेक्टरी उघडा; तिथे प्रत्येक थ्रेडची एक नोंद असते. पॅरेंटखाली (मूळ प्रोसेस) २ नोंदी, चाइल्डखाली १. चाइल्डला एस-ट्रेस (strace, सिस्टिम कॉल दाखवणारं टूल) जोडलात तर फ्युटेक्स वेटची, म्हणजे लॉकसाठी थांबल्याची, एकच ओळ दिसेल. ५ सेकंदांनी पॅरेंटमधलं लॉक सुटतं, तरी ती ओळ तशीच. ही ओळ पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला सगळा प्रकार कळला.

झोपेच्या सेकंदांना फार महत्त्व आहे. ते नसतील तर टेस्ट शंभरदा पास होईल आणि प्रॉडक्शनमध्ये अडकेल. टेस्ट कायमची लटकू नये म्हणून चाइल्डमध्ये ८ सेकंदांचा अलार्म लावा, आणि तो फोर्कनंतरच लावा. आधी लावलेला अलार्म चाइल्डमध्ये रद्द होतो. मग वेटपिडवरून (चाइल्ड कशी संपली ते सांगणारा कॉल) पॅरेंटला कळतं की चाइल्ड सिगअलार्मने, म्हणजे अलार्मच्या सिग्नलने, मेली.

अ‍ॅटफोर्क हँडलर (फोर्कच्या आधी-नंतर आपोआप चालणारी फंक्शन्स) लिहून लॉक सांभाळता येतं, पण लायब्ररीच्या आतली लॉक्स आपल्या हातात नसतात, म्हणून मला तो मार्ग भरवशाचा वाटत नाही. फोर्क आणि एक्झेक यांच्यामध्ये फक्त सिग्नल हँडलरमध्ये (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) चालतील अशीच फंक्शन्स वापरा: राइट चालतं, प्रिंटएफ नाही. पायथॉनवाल्यांनाही हे लागू आहे. ३.१२ पासून थ्रेड चालू असताना फोर्क केला, की पायथॉन डेप्रिकेशनची (ही पद्धत आता टाळा, अशी) वॉर्निंग देतं. ती बंद करून टाकू नका. आमचा बदल शेवटी एवढाच होता: लॉगची ती ओळ फोर्कच्या आधी नेली.