ट्विन कॅम ९६ चं १०७ करायचंय? पार्ट मागवायच्या आधी हे ठरवा

हार्ले-डेव्हिडसनच्या ट्विन कॅम इंजिनला मोठं बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) टाकायचं, म्हणजे ९६ क्यूबिक इंचाचं १०७ करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी कॅटलॉग उघडतात आणि तिथेच सगळं गणित बिघडतं, कारण पार्ट हा सगळ्यात शेवटचा विषय आहे. आधी वहीत दोनच गोष्टी लिहा: गाडी खरोखर कुठल्या आरपीएमला चालवता, आणि टाकीत कुठलं पेट्रोल पडतं. माझी २००९ ची हार्ले डायना आहे, १५८४ सीसी, म्हणजे हेच ९६, मी राहतो ओहायोत, आणि निम्म्या वेळा बायको मागे बसलेली असते. सहाव्या गिअरला ताशी ७० मैलांवर इंजिन साधारण २५०० ला फिरतं. मला तिथून गिअर न पाडता ट्रक ओव्हरटेक करायचाय. म्हणजे माझं इंजिन २२०० ते ४००० मधे जगतं, आणि ५५०० ला किती हॉर्सपॉवर निघते हा आकडा माझ्या कामाचाच नाही. तुमचं उत्तर वेगळं असेल तर तुमचं इंजिन पण वेगळं असणार, दुसऱ्याचा डायनो चार्ट (इंजिनची ताकद मोजणाऱ्या मशीनचा आलेख) बघून पार्ट कॉपी करू नका.

आता थोडं मोजमाप. १९९९ ला ट्विन कॅम आलं तेव्हा ते ८८ क्यूबिक इंच होतं, बोअर ३.७५ इंच, स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ४ इंच. २००७ ला स्ट्रोक ४.३७५ केला आणि ९६ झालं. नंतरचं १०३ आणि ११० पण याच स्ट्रोकवर आहेत, फक्त बोअर वाढवलंय, ३.८७५ आणि ४ इंच. १०७ म्हणजे ३.९३७, सरळ १०० मिलिमीटर. म्हणून ९६ वाल्याला क्रँक न बदलता इथपर्यंत जाता येतं. ४ इंचाच्या वर, ४.१२५ वगैरे करायचं असेल तर क्रँककेसच (इंजिनचं खालचं कवच) बोअर करावी लागते, म्हणजे फ्रेममधून इंजिन उतरवून सगळं खोलायचं, आणि मग खर्चाचा आणि कामाचा हिशोबच वेगळा होतो. रोजच्या आणि लांबच्या रायडिंगला माझ्या मते १०३ किंवा १०७ पुरेसं आहे, त्यातही ओरिजिनल सिलिंडर बोअर करून होणारं १०३ सगळ्यात कमी खर्चाचं.

मग येतं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन खाली असताना आणि वर असताना सिलिंडरमधल्या जागेचं प्रमाण, आणि इथे कागद-पेन घेऊन बसाच. स्टॉक ९६ चं कॉम्प्रेशन ९.२. एका सिलिंडरमधे ७९२ सीसी, म्हणजे पिस्टन वर असताना उरलेली जागा ७९२ भागिले ८.२, साधारण ९७ सीसी. आता बोअर १०० एमएम केलं की सिलिंडर होतो ८७३ सीसी, पण हेडचा चेंबर तोच आहे, पिस्टनचं डोकं पण सपाटच ठेवलंय समजा. ८७३ अधिक ९७ भागिले ९७, आलं दहा. कुठलाही हाय कॉम्प्रेशन पिस्टन न घेता नुसत्या बोअरने ९.२ चं १० झालं! हे आधी न मोजता वर डोमवाला (वर फुगीर) पिस्टन टाकला की उन्हाळ्यात चढावर इंजिन टकटक करायला लागतं, यालाच नॉकिंग म्हणतात, मिश्रण वेळेआधी आपोआप पेटतं. एअर कूल्ड इंजिन आहे, मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला असतो, तो आधी तापतो आणि नॉकिंग बहुतेक तिथूनच सुरू होतं.

याच्याशी कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा दांडा, बांधलेला आहे. पिस्टन वर यायला लागल्यावर पण इन्टेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो, जेवढा उशिरा बंद होईल तेवढी कमी आरपीएमला भरलेली हवा परत बाहेर ढकलली जाते. म्हणून उशिरा बंद होणाऱ्या मोठ्या कॅमला जास्त कॉम्प्रेशन लागतं नाहीतर खाली गाडी मेल्यासारखी वाटते, आणि लवकर बंद होणाऱ्या टॉर्कच्या कॅमवर तेच जास्तीचं कॉम्प्रेशन नॉकिंग आणतं. कॅम आणि कॉम्प्रेशन हा एकच निर्णय आहे, एकाच दिवशी घ्या. कॅम निवडताना लिफ्टच्या (व्हॉल्व्ह किती उघडतो त्याच्या) मोठ्या आकड्याकडे नंतर बघा, कॅमसोबतच्या कार्डावर इन्टेक बंद व्हायची डिग्री काय आहे ते आधी वाचा. हेड गॅसकेट पण इथेच ठरवा, पिस्टन आणि हेडमधलं अंतर ३० ते ४० थाउ (इंचाचा हजारावा भाग) मधे आणलं तर कॉम्प्रेशन किंचित वाढून सुद्धा नॉकिंग कमी होतं, कारण मिश्रण नीट घुसळलं जातं आणि पटकन जळतं.

पुण्यामुंबईच्या मित्रांसाठी एक गोष्ट, जी मला फार महत्वाची वाटते. इकडच्या किटच्या कागदावर ९१ ऑक्टेन लिहिलेलं असतं आणि तिकडच्या साध्या पेट्रोलला पण इथेनॉलवालं यायच्या आधी ९१ म्हणायचे, पण हे दोन ९१ वेगळे आहेत! ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत, आरओएन आणि एमओएन, अमेरिकेत त्यांची सरासरी लिहितात, भारतात नुसता आरओएन. इकडचं ९१ म्हणजे तिकडचं साधारण ९५-९६. म्हणजे ९५ आरओएनचं किंवा त्यावरचं पेट्रोल (इंडियन ऑइलचं एक्सपी ९५, एक्सपी १००) नेहमी मिळत असेल तरच हे कॉम्प्रेशन ठेवा, लडाखच्या वाटेवर किंवा कोकणात आडगावी ते मिळेलच असं नाही हे धरून अर्धा पॉइंट कमीच ठेवा. आणि भारतात आरसीवर सीसी लिहिलेली असते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल अडवतं, इन्शुरन्सचा क्लेम पण अडकू शकतो, त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीला हात लावायच्या आधी आरटीओत विचारून घ्या.

आता जे काम सगळे टाळतात ते. पैसे खर्च करायच्या आधी क्रँकचा रनआउट, म्हणजे फिरताना ती किती डुलते ते, डायल गेजने मोजा. ट्विन कॅमची क्रँक प्रेस करून जोडलेली असते, झटके खाऊन जोडातून सरकून वाकडी होऊ शकते. गिअर ड्राइव्ह कॅम (चेनऐवजी गिअरने फिरणारे) हवे असतील तर रनआउट ३ थाउच्या आत पाहिजे, जास्त असेल तर चेन ड्राइव्हवरच रहा, आणि खूपच जास्त असेल तर आधी क्रँक सरळ करून वेल्ड करून घ्या, वरच्या टॉपएंडचं नंतर बघू. जुनं ८८ असेल (१९९९ ते २००६) तर कॅम चेनचे टेन्शनर शू (चेन ताणून धरणारे पट्टे) आधी उघडून बघा, ते झिजून तुकडे ऑइल पंपात जातात. कॅम उघडलेच आहेत तर आतली बेअरिंग नवीन टाका, त्यात काटकसर नको.

सिलिंडर बोअर करायला देताना एकच प्रश्न विचारा, टॉर्क प्लेट (सिलिंडर हेडसारखा आवळून धरणारी जाड प्लेट) लावता का? हार्लेचा सिलिंडर लांब स्टडने हेड आणि केसच्या मधे आवळलेला असतो, आवळला की गोलाई बदलते, म्हणून तसाच आवळून बोअर आणि होन (आतून शेवटची घासाई) करावा लागतो. माझा पहिला जॉब एका दुकानाने प्लेट न लावता केला, दिसायला छान, पण रिंगा बसल्याच नाहीत आणि गाडी ऑइल पीत राहिली, सगळं परत उघडावं लागलं. मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

क्लच स्प्रिंग जरा कडक घ्या, दहाच्या वर कॉम्प्रेशन असेल तर हेडमधे कॉम्प्रेशन रिलीज (चालू करताना दाब सोडणारा व्हॉल्व्ह) बसवा, स्टार्टर वाचतो. एक्झॉस्ट टू-इन-वन (दोन्ही पाइप एकात मिळणारा) घ्या, मोकळे सरळ पाइप मधला टॉर्क घालवतात. ट्यूनरचे (इंधनाचं सेटिंग बदलणाऱ्या यंत्राचे) आणि डायनोचे पैसे पहिल्या दिवशीच बाजूला काढून ठेवा, कारण कंपनीच्या मूळ इंधन सेटिंगवर हे इंजिन कोरडं, म्हणजे कमी पेट्रोलवर चालेल आणि तापेल.

इंजिन जोडल्यावर पहिल्यांदा मिनिटभरच चालू करा, हात लावता येईल इतकं गार होऊ द्या, असं दोन-तीनदा. मग ५० मैल हळूहळू आरपीएम वर-खाली करत चालवा, मोठ्या गिअरला ओढायला लावू नका, ऑइल बदला, फिल्टर कापून आत चमक दिसते का बघा. ५०० मैलांना परत ऑइल बदला, आणि त्यानंतरच डायनोवर फुल थ्रॉटल.