परड्यातली पाखरं आणि त्यांच्या मागावरचे शिकारी : निरीक्षण कसं करावं

परड्यात दाणे टाकले की पाखरं येतात, आणि पाखरांच्या मागावर असणारेही येतात. हे दुसरे पाहुणे ओळखता आले की पहिल्यांचं वागणं आपोआप उलगडत जातं. तेव्हा तयारी दोघांसाठीही करा.

आधी पाणी

कोल्हापुरात मार्च ते मेच्या उन्हात दाण्यापेक्षा पाणी जास्त गरजेचं. कुंभाराकडून मातीचं पसरट परळ आणा. पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको. मधे एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे चिमणीला पाय टेकता येतात. परळ रोज रिकामं करून साबण न लावता घासा, नाहीतर त्यात डास होतात.

मग दाणे, तेही बेतानं

मूठभर ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी, संध्याकाळपर्यंत संपेल एवढीच. रात्री उरलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. ब्रेड, फरसाण, खारट काही टाकू नका. चिमण्या आणि होले दाणे टिपतात. बुलबुल आणि कोकीळ यांना मात्र फळ हवं, त्यांच्यासाठी पिकल्या पपईची फोड फांदीला अडकवा. गच्चीवर पारव्यांचे थवे जमायला लागले तर धान्य बंदच करावं, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्या विष्ठेमुळे फुफ्फुसाचे आजार होतात. पाणी आणि फळं पुरेशी आहेत. पावसाळ्यातही दाणे नकोत. ओल्या धान्याला बुरशी येते आणि तेव्हा किडे-अळ्यांची रेलचेल असते.

दाण्याची जागा झुडपापासून साधारण दहा फूट लांब धरा. दबा धरून बसलेल्या मांजराला एका झेपेत गाठता येऊ नये, पण शिक्रा हा शिकारी पक्षी आला तर पाखराला झुडपात शिरता यावं.

आता बसा आणि कान उघडे ठेवा

सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास सर्वांत चांगले. दुर्बीण असेल तर उत्तम, नसली तरी परड्यापुरते डोळे पुरतात. वहीत वेळ, पक्षी आणि तो काय करत होता एवढं लिहा.

शिकारी बहुतेक वेळा आधी ऐकू येतो, मग दिसतो. खार खोडावर शेपूट झटकत एकसारखी चिरचिरत असेल, तर खाली मांजर किंवा साप शोधा. सातभाई पक्षी एका जागेभोवती जमून कलकलाट करत असतील, तर त्यांच्या मधोमध नजर टाका. धामण, मुंगूस किंवा दिवसा झोपलेलं घुबड सापडेल. पण एकच तीक्ष्ण आवाज होऊन सगळी पाखरं झुडपात गडप झाली आणि परडं चिडीचूप झालं, तर मान वर करा. जवळच्या आंब्याच्या दाट फांद्यांत शिक्रा असण्याची शक्यता मोठी. कधी कधी कोतवाल पक्षी शिक्र्याच्या आवाजाची नक्कल करून साळुंक्यांना पळवतो आणि त्यांचा घास लाटतो, त्यामुळे आवाजावरच विसंबू नका.

शिक्रा पारव्याएवढा. पाठ राखाडी, छाती-पोटावर तांबूस आडव्या रेघा, चोच बाकदार, पाय पिवळे आणि लांब. नराचे डोळे लाल असतात. मे-जूनमध्ये ‘पेर्ते व्हा’ म्हणणारा पावशा उडताना हुबेहूब असाच दिसतो. तो बसला की चोच आणि पाय बघा: पावशाची चोच शिकाऱ्यासारखी आकडेदार नसते आणि पाय आखूड असतात. पावशा आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो, आणि हे शिक्र्याचं सोंग त्याला तिथे कामी येतं असं मानतात.

शिक्र्याला दगड मारू नका, हाकलूही नका. सरडे, खारी आणि लहान पाखरं हेच त्याचं अन्न आहे. तो रोजच येऊ लागला तर चार-सहा दिवस दाणे टाकू नका. पाखरं पांगतात आणि तोही जागा बदलतो. मांजराचं तसं नाही. त्याला आपण पोसतो, तेव्हा जबाबदारीही आपली. पहाटे आणि तिन्हीसांजेला ते घरात ठेवा.

पिसं फुटलेलं, आखूड शेपटीचं पिल्लू जमिनीवर दिसलं तर उचलून घरी आणू नका. आईबाप जवळपासच असतात. मांजराचा धोका असेल तर जवळच्या फांदीवर ठेवून लांब व्हा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज खोटा आहे.

परड्यात सराव झाला की रंकाळ्याला, कळंबा तलावावर किंवा विद्यापीठाच्या माळावर जा. माळावर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबलेली पांढुरकी कापशी घार दिसली, तर ती खालच्या उंदरावर डोळा ठेवून आहे असं समजा. ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात तिथे उडणाऱ्या किड्यांसाठी कोतवाल आणि घारी जमतात; वारा येतो त्या अंगाला, सुरक्षित अंतरावर बांधावर उभं राहून बघा. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. त्या सुमारास हिवाळी पाहुणे उतरू लागलेले असतात, तलावावरची पहिली फेरी तेव्हाच करा.