ईएसपी किती सैल सोडावा? गाडी पहिल्यांदा ट्रॅकवर नेणाऱ्यांसाठी

मद्रास इंटरनॅशनल सर्किट, म्हणजे चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा रेसट्रॅक, पूर्वीचं एमएमआरटी. पहिलं सेशन संपवून पिटमध्ये आलो, हेल्मेट काढलं आणि शाबासकीची वाट बघत बसलो. शेजारच्या इन्स्ट्रक्टरने एवढंच विचारलं, "सर, तो पिवळा दिवा किती वेळा लुकलुकला?" मी दिव्याकडे पाहिलंच नव्हतं. त्याने बोटांवर मोजले होते. शेवटच्या एका लॅपमध्ये सात. "सात वेळा गाडीनं सांभाळलं सर, तुम्ही नाही."

पुढे जे लिहिलंय त्याचा गाभा हाच दिवा आहे: छोटी गाडी आणि तिच्यामागे दोन वाकड्या रेषा. ईएसपी, म्हणजे घसरू लागलेली गाडी सावरणारी यंत्रणा, काम करते तेव्हा तो लुकलुकतो. 'बटण दाबा, मजा घ्या' छापाचे सल्ले खूप मिळतात. पण आधी दिवा वाचायला शिका. तो बोलायचा थांबला की मगच यंत्रणा एक पायरी सैल करा.

आधी, ही यंत्रणा करते काय?

१९९५ साली बॉशने मर्सिडीजच्या एस-क्लास कूपेत ईएसपी दिलं. दोन वर्षांनी स्वीडनमधल्या एका चाचणीत अडथळा चुकवताना मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली, आणि मग कंपनीला ते त्या गाडीत सरसकट बसवावं लागलं. बीएमडब्ल्यू त्यालाच डीएससी म्हणते, पोर्श पीएसएम, फोक्सवॅगन ईएससी. पाट्या वेगळ्या, काम एकच. स्टीअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात कुठे वळतेय, याची ती सतत तुलना करते. शेपूट बाहेर जायला लागलं तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक एकट्याने ब्रेक करते. नाक वळायला तयार नसेल तर आतल्या बाजूचं मागचं चाक धरते. जोडीला इंजिनची ताकदही कापते.

ट्रॅक्शन कंट्रोल हे तिचं छोटं भावंड. अॅक्सिलरेटर दाबल्यावर चाक जागच्या जागी फिरू नये, एवढंच त्याचं काम. बऱ्याच गाड्यांत बटण एकदा टिचकी मारल्यासारखं दाबलं की फक्त हे सैल होतं. लोकांना वाटतं, सगळंच बंद झालं.

पायरी १: जागा ठरवा

ताम्हिणी नाही. वरंधा नाही. लवासाचा रस्ता पहाटे पाचलाही नाही. माहीत आहे, काही जण इथेच वाचायचं सोडतील. पण घाटातल्या वळणावर आतल्या बाजूला खडी पडलेली असते, सावलीत ओला पाला असतो, समोरून एसटी अर्धा रस्ता खात येते. यंत्रणा तुमच्या चुकीसाठी जेवढी असते तेवढीच या खडीसाठी असते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे: शासनाच्या लेखी संमतीवाचून रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. चेन्नईचा हा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा. कोइम्बतूरलाही ट्रॅक आहेत. पुण्याहून लांब पडतं, मान्य.

पायरी २: टायर आणि अलाइनमेंट

कंटाळवाणं काम, पण याशिवाय पुढचं सगळं फुकट. ही यंत्रणा चाकांच्या वेगावरून अंदाज बांधते. एक टायर नवा आणि तीन झिजलेले, किंवा वेगळ्या कंपनीचा वेगळ्या घेराचा, तर तिचा हिशेब चुकतो. तसंच स्टीअरिंगचं. सरळ रस्त्यावर स्टीअरिंग जरासं तिरकं राहत असेल, तर आधी अलाइनमेंट करून स्टीअरिंग अँगल सेन्सर कॅलिब्रेट करून घ्या. नाहीतर डाव्या वळणात दिवा लवकर पेटतो, उजव्यात उशिरा, आणि तुम्ही दोष स्वतःला देत बसता.

हवा थंड टायरमध्ये मोजा, सेशननंतर लगेच पुन्हा मोजा. चार-सहा पीएसआय सहज वाढते. जास्तीची काढलीत तर घरी निघायच्या आधी आठवणीने परत भरा.

पायरी ३: आपल्या गाडीचं बटण ओळखा

मी चालवत होतो ती बीएमडब्ल्यू एम२, मित्राची. २०२३ साली भारतात आली तेव्हा ४६० अश्वशक्ती होती, आणि सगळी मागच्या चाकांवर. तिच्यात सेटअप मेन्यूत डीएससीच्या तीन अवस्था मिळतात: चालू, मधली एमडीएम म्हणजे एम डायनॅमिक मोड, आणि बंद. आधीच्या पिढीच्या एम२मध्ये याला साधं बटण होतं. थोडं दाबलं की एमडीएम, तीनेक सेकंद दाबून धरलं की सगळं बंद. नव्या गाडीत बंद केल्यावर ट्रॅक्शन कंट्रोलचे दहा टप्पेही निवडता येतात. आकडा वाढला की मदत वाढते की घटते, हे पुस्तिकेत बघा. कंपनीगणिक ते उलटसुलट असतं आणि ट्रॅकवर कळून उपयोग नसतो.

पोर्शमध्ये मधल्या अवस्थेला पीएसएम स्पोर्ट म्हणतात. गोल्फ जीटीआयमध्ये ईएससी स्पोर्ट. जीटीआय पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे तिथे अनुभव वेगळा. शेपटापेक्षा नाक रुंद जाण्याचीच भीती जास्त, आणि यंत्रणा सैल केल्याचा फायदा मुख्यतः वळणातून बाहेर पडताना जाणवतो.

एक गोष्ट सगळीकडे सारखी: गाडी उभी असताना बटणं चाळून घ्या. मेन्यू ट्रॅकवर शोधायचा नाही.

पायरी ४: पहिलं सेशन सगळं चालू ठेवून

आणि दिवा मोजायचा. कुठल्या वळणावर, कुठल्या क्षणी? स्टीअरिंग वळवताना पेटला तर वेग जास्त घेऊन शिरलात. वळणाच्या मधोमध पेटला तर बहुधा पाय अचानक उचललात. बाहेर पडताना पेटला तर स्टीअरिंग सरळ व्हायच्या आधीच अॅक्सिलरेटर दाबलात. माझ्या सातांपैकी पाच या शेवटच्या प्रकारातले. इन्स्ट्रक्टरचं वाक्य होतं, स्टीअरिंग आणि उजवा पाय एका दोरीने बांधल्याचं समजा. स्टीअरिंग जेवढं उलगडेल तेवढाच पाय खाली.

या सेशननंतर मागच्या ब्रेकचा वास आला तर दचकू नका. यंत्रणा सतत चाकं धरत असते, पॅड तापणारच. चुका कमी झाल्या की वासही कमी होतो. दिवा लॅपमध्ये एक-दोनदाच पेटू लागला की पुढे सरका.

पायरी ५: मधली अवस्था

माझ्या मते सुखाची खरी जागा हीच, आणि दहातल्या नऊ जणांनी इथेच थांबावं. एमडीएममध्ये गाडी तुम्हाला थोडं घसरू देते. दुसऱ्या गिअरमध्ये वळणाच्या शेवटी पाय टेकवला की आधी कमरेला कळतं, डोळ्यांना नंतर: मागची बाजू वीतभर बाहेर सरकते आणि क्षणभर तिथेच थांबते. आधी इथेच ताकद कापली जायची. आता तुम्हाला तो क्षण मिळतो. हात थोडे उलट्या दिशेला, पाय आहे तिथेच स्थिर, आणि गाडी आपोआप रांगेत येते. हात उशीर करतात तेव्हा दिवा पेटतो.

टायर गरम होईपर्यंत, म्हणजे पहिले दोन लॅप, ही अवस्था लावू नका. थंड टायर सांगून सुटत नाही. पावसाचा शिडकावा झाला तरी परत सगळं चालू.

पायरी ६: पूर्ण बंद

हे मी केलं, म्हणून सांगतो. दुपारी डोकं वर गेलं होतं. पाचव्या लॅपला एका वळणात वेग जास्त वाटला आणि मी घाबरून पाय पूर्ण उचलला. वजन पुढे आलं, मागची चाकं हलकी झाली, आणि पुढच्या दीड सेकंदात मी आलो त्याच दिशेला तोंड करून गवतात उभा. यंत्रणा चालू असती तर बाहेरचं पुढचं चाक धरून तिने ते निस्तरलं असतं. मोडलं काही नाही, मित्र अजून माझ्याशी बोलतो.

तेव्हा, बंद करायचंच असेल तर आधी स्किडपॅडवर, म्हणजे घसरण्याच्या सरावाच्या मोकळ्या जागेवर, ओल्या जमिनीवर, कमी वेगात. तिथे मुद्दाम पाय उचलून शेपूट सुटताना कसं वाटतं ते हातांना शिकवा. गाडी फिरलीच तर दोन्ही पाय खाली: क्लच आणि ब्रेक. एबीएस सहसा चालूच राहतो, पण तो ब्रेक मारताना चाकं जाम होऊ देत नाही एवढंच, सुटलेलं शेपूट तो सावरत नाही. टप्प्यांची सोय असेल तर जास्त मदतीकडून सुरुवात करून एका सेशनला एकच टप्पा उतरा.

निघताना

शेवटचा लॅप ब्रेक न वापरता, सावकाश. उभं केल्यावर हँडब्रेक लगेच ओढू नका, पॅड अजून भाजत असतात. गाडी थंड झाली की इंजिन बंद करून पुन्हा सुरू करा. बहुतेक गाड्यांत यंत्रणा अशी आपोआप पूर्ववत होते. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांत स्टीअरिंगवरच्या लाल एम१, एम२ बटणांवर ट्रॅकचं सेटिंग साठवलं असेल, तर टोलनाक्यावर चुकून अंगठा लागतो. ते आधी बदला. मग दिवा पेटून विझला का ते पाहा, टायरमध्ये हवा भरा, आणि गेटाबाहेर पडा.