गाणं ऐकू येत नाही, आवाज वाढवला की शिट्टी

चौघांचा हौशी बँड. ड्रम सुरू झाले की गाणाऱ्याचे शब्द बुडायचे, मिक्सरवर आवाज चढवला की स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून कुईंऽऽ! तीन महिने डोकं पिकलं.

आधी दुप्पट वॅटचे स्पीकर आणले. फरक जेमतेम, कारण वॅट दुप्पट झाले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. (घेतानाच वॅटऐवजी कमाल एसपीएल, म्हणजे स्पीकर जास्तीत जास्त किती मोठा वाजतो तो आकडा, बघायला हवा होता.) मग ट्रेबल (वरचे, तीक्ष्ण सूर) कमी केला, तर शब्दच गिळले गेले.

जमलं ते असं. आधी गिटार आणि बेस पीएमधून (मिक्सर आणि मोठे स्पीकर ही सामाईक यंत्रणा) काढून आपापल्या अँपवर नेले; पीए फक्त गाण्याला. मग स्पीकर स्टँडवर, श्रोत्यांच्या डोक्याच्या वर आणि माइकच्या पुढे आणले. आमचे चक्क मागच्या भिंतीला टेकलेले होते! मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या, माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवला, तिकडून माइक सर्वांत कमी ऐकतो. माइक सुपरकार्डिऑइड (समोरून आणखी अरुंद ऐकणारा) असेल तर मॉनिटर थोडा बाजूला. गाण्याच्या चॅनेलवर १०० हर्ट्झचा लो-कट, म्हणजे त्याखालचा खर्ज कापला. नंतर फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) हळूहळू चढवत पहिली शिट्टी येऊ दिली आणि ग्राफिक इक्वलायझरवर (खर्जापासून वरच्या सुरांपर्यंत प्रत्येक पट्टीचा आवाज वेगळा कमीजास्त करता येतो) तेवढीच पट्टी ४ डेसिबल खाली घेतली, आमची २.५ किलोहर्ट्झची निघाली. ओठ माइकच्या जाळीपासून दोन बोटांवर. फेडर तिथून किंचित खाली.